दोन ईदांमधला डबा

रुवाह महिना, तारीख १७, मंगळवार

वेनिंग पोरी,

मी कोण ते आधी सांगते, म्हणजे तुझ्या डोक्याला ताण नको. मी तुझ्या बापाची आई. गावात राहते, मागे केळी, पुढे भांडकुदळ कोंबडा, तोंडात दोन दात. तुझी आई गेल्यापासून, म्हणजे तू आठ वर्षांची असल्यापासून, माझ्याच चटईवर पाय पसरून झोपायचीस आणि मला जमिनीवर ढकलायचीस. येतंय का काही ध्यानात? नसेल येत तर राहू दे. जकार्ताच्या पाण्याने माणसाला विसर पडतो असं ऐकून आहे. चौदा महिने झाले. मधल्या काळात मी मेले असते, तर तुझ्या हिशेबी अजून जिवंतच असते.

अक्षर ओळखलंस ना? हो, तोच. शेजारच्या बू हार्तीचा मोतीबिंदू काढलाय, डोळ्यावर पट्टी आहे. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ म्हटलं, तर तुझा बाप म्हणाला, "तिचा पत्ता गावात कुणाला कळता कामा नये." म्हणून स्वतःच बसलाय. अट घालून बसलाय: "आई, मी फक्त पेन. माझा एक शब्दही त्यात असणार नाही."

मी विचारलं, "पेनाला चहा लागतो का?"

"लागतो," म्हणाला.

हा सगळं लिहितो की गाळतो, ते मला कसं कळणार? पण मी अगदीच भोळी नाही. मी किती वेळ बोलले आणि पेन किती वेळ खरखरलं, ते कान देऊन ऐकते.

आता मुद्द्याचं. तू त्या साप्ताहिकात लिहिलंस, की आमच्या तालुक्यात फजर धर्मसंघाची चिठ्ठी असल्याशिवाय कुणी शाळेत मास्तर होत नाही आणि संघाने मान हलवल्याशिवाय कुणी सरपंच होत नाही. वर चिठ्ठीचा फोटो छापलास. खाली सही झुबैदीची, संघाच्या अध्यक्षाची, तुझ्या बापाची. ती चिठ्ठी तुझ्या हाती कशी लागली, यावर गावाने तीन महिने डोकं खाजवलं. मला माहीत होतं. मी पडवीत तांदूळ निवडत होते आणि तू त्याच्या टेबलाचा खण उघडलास. मी पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

हे त्याला आज पहिल्यांदा कळतंय. पेन थांबलंय.

"हे लिहायलाच हवं का, आई?"

"तू पेन आहेस ना?"

लिहितोय.

तू खोटं काही लिहिलं नव्हतंस. चौकशीवाले आले, तेव्हा यानेही तेच सांगितलं, "सही माझीच आहे." दुसरा असता तर म्हणाला असता, बनावट आहे. पण पोरी, चिठ्ठीबद्दल चार पानं आणि संघाच्या दवाखान्याबद्दल एक ओळ? पुराच्या वर्षी तुला छपरावरून होडीत कुणी उतरवलं? संघानेच ना? मग टीव्हीवर एक टायवाला आला, म्हणाला, असले सगळे संघ बंद करा. दुसऱ्या दिवशी एक दाढीवाला आला, म्हणाला, ते लिहिणारीला धडा शिकवा. दोघांनाही आपलं गाव कुठे आहे ते सांगता आलं नसतं. त्यांचं भांडण अजून चालू आहे आणि इथे दवाखान्याला कुलूप आहे, चौकशी पुरी होईपर्यंत. माझे गुडघे चौकशीसाठी थांबत नाहीत.

तुम्ही दोघांनी एकमेकांना काय काय म्हटलंत ते मी दाराआडून ऐकलंय. तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही खुदाच्या नावावर दुकान मांडलंय." तो म्हणाला, "मग गिऱ्हाइकाने बाहेर जावं." तू गेलीस. दोघंही बोलण्यात हुशार. मी ज्यांना वाढवलं ते सगळे बोलण्यात हुशार निघाले, हेच माझं चुकलं.

ईदला ये. मी बोलावतेय, पेन नव्हे.

आणि एक. मी सोयाबीन आंबवून, तळून केलेलं टेंपे हा अजून खात नाही. "कच्चं आहे," म्हणतो. तू नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा चूल पेटवलीस, टेंपे कोळशासारखं काळं केलंस आणि रडायला लागलीस. तेव्हा हा सगळं खाऊन बसला आणि म्हणाला, "मला असंच आवडतं." थाप मारली आणि त्यातच अडकला. वीस वर्षं झाली, आता त्याला खरंच तसंच आवडतं. मला मुद्दाम करपवता येत नाही, हात वळत नाही.

हा खाली माझा अंगठा. हळदीचा आहे, शाई संपली.

पासा महिना, तारीख २०, रोजे चालू

वेनिंग,

तुझं पत्र आलं. चार ओळी. तार केली असतीस तर स्वस्त पडलं असतं. तरी त्यातली एक ओळ मी याच्याकडून पाच वेळा वाचून घेतली: "ईदला येते, आजी, पहाटेच्या बसने." पाचव्यांदा म्हणाला, "आई, ओळ तीच आहे, बदलत नाही." पण वाचली पाचही वेळा, कुरकुर न करता.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. तुझ्या खोलीतली पोती काढली. नवी चटई आणली. मी नाही आणली. कुणी आणली ते लिहू नको म्हणतो, तर नाही लिहीत.

पुढची भिंतही रंगवून झाली. परवा सकाळी उठले तर भिंतीवर काळ्या रंगात हातभर मोठी अक्षरं. मी विचारलं, "झुबैदी, काय लिहिलंय रे?"

"ईदच्या शुभेच्छा, आई."

"मग पुसतोस कशाला?"

"अक्षर वाईट आहे."

तीनदा चुना दिला, तेव्हा अक्षर बुजलं. संघाच्या अध्यक्षाने स्वतः बादली घेऊन भिंत रंगवावी, हे बघायला मुलं गोळा झाली होती.

या वर्षी एक सोय होईल असं दिसतंय. तुला ठाऊकच आहे, या घरात कधीकधी दोन ईद होतात. संघ गणित मांडून महिनाभर आधी दिवस ठरवतो. आम्ही जुन्या मशिदीचे, आम्हाला चंद्रकोर डोळ्यांनी दिसावी लागते. तो माझ्या आधी गोड खातो, मी रोजा धरून त्याच्यासाठी रांधते, आणि कोण बरोबर ते वीस वर्षांत कुणी कुणाला विचारलेलं नाही. लहान असताना तू मात्र वस्ताद होतीस. बापाबरोबर त्याची ईद करायचीस आणि दुसऱ्या दिवशी माझीही, दोन्हीकडे नवे कपडे. या वर्षी मात्र दोन्ही बुधवारीच येणार असं सगळे म्हणतात. म्हणजे मला एकच कोंबडा कापावा लागेल. कुठला ते मी ठरवलंय. त्याला अजून सांगितलेलं नाही.

ये. भांडायचं असेल तर जेवल्यावर भांडा.

सावाल महिना, तारीख ७, ईदनंतर

वेनिंग,

आईचं म्हणणं लिहितो.

ती बरी आहे. तू गुरुवारी आलीस याचा तिला आनंद झाला. तू दुपारच्याच बसने परत गेलीस याचं तिला वाईट वाटलं.

इथे आई पुष्कळ बोलली. ते लिहिण्यासारखं नाही.

गुरुवारी मी संघाच्या कामासाठी बाहेर होतो. हे वाक्य माझं.

घरातलं एक भांडं हरवलं आहे आणि आईचा बू हार्तीवर संशय आहे. तुला हे कळवण्याचं कारण नाही, पण ती सांगते म्हणून लिहिलं.

प्रकृतीला जप.

(अंगठा आईचा.)

सेला महिना, ईदच्या पुढचा, तारीख २७

वेनिंग, माझ्या पोरी,

हे अक्षर बू हार्तीचं. तिला आता चष्म्याने दिसतं, आणि फार दिसतं. माझ्या घरातली जळमटंसुद्धा दिसतात तिला.

तुझं शेवटचं पत्र तिने मला वाचून दाखवलं. तू दूर तेर्नातेच्या बेटांवर कामाला गेली होतीस, बाप गेल्याचा निरोप तुला चौथ्या दिवशी मिळाला, आणि तू लिहिलंस, "ज्याने ईदच्या दिवशी मला तोंड दाखवलं नाही, त्याच्या मातीवर येऊन मी काय करू?" बू हार्ती वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, वाच, मी म्हातारी आहे, बहिरी नाही.

रडू येईना. म्हणून मी तिला म्हटलं, माझ्या पेटीतली पोरीची सगळी पत्रं काढ आणि पहिल्यापासून वाच. तिने वाचली. सावाल महिन्यातलं तुझं पत्र आलं, आणि त्यात एक असा तुकडा निघाला जो मी कधी ऐकलाच नव्हता. तुझ्या बापाने तो मला वाचून दाखवला नव्हता.

तू लिहिलं होतंस: "परत खोलीवर पोचले तर दाराच्या कडीला आपला तीन पुडांचा निळा डबा. कुणाच्या हाती पाठवलास, आजी? वरचा भात आंबला होता, कोंबडी टाकावी लागली. फक्त खालच्या पुडातलं टेंपे चांगलं राहिलं होतं. पण किती करपवलंस ते! तू तर कधी करपवत नाहीस. डोळे अधू झाले का गं?"

पोरी, तो डबा मी पाठवला नव्हता.

मी तो डबा महिनाभर शोधत होते. बू हार्तीला चोर ठरवलं. ती इथे समोर बसून हे लिहितेय आणि नाक ओढतेय. म्हणते, "म्बाह आजी, माझी माफी मागितल्याशिवाय पुढे लिहिणार नाही." मागितली. पुढे ऐक.

या ईदची कोर मंगळवारी संध्याकाळी ढगात गेली, कुणालाच दिसली नाही. संघाची ईद बुधवारीच राहिली, आमची गुरुवारवर गेली. तू जकार्तात रेडिओ ऐकलास आणि बुधवारी रात्रीच्या बसमध्ये बसलीस. कारण तू आता चंद्राची ईद करतेस. ते तुझं तू कधी ठरवलंस, आम्हाला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आजीने बोलावलंय, आजीच्या ईदला येईल. मी गुरुवारची वाट बघत होते. पण तुझ्या बापाला काय वाटलं? पोरगी छापखान्यात काही का लिहो, ईद तर बापाबरोबरच करणार. लहानपणापासून केली तशी. त्याने मला विचारलं नाही. मीही त्याला सांगितलं नाही. आमच्या घरात ईदचा दिवस विचारत नाहीत ना. वीस वर्षं त्याच एका गोष्टीवर घर उभं होतं.

बुधवारी पहाटे तो नवा शर्ट घालून बसथांब्यावर जाऊन उभा राहिला. त्या दिवशी मैदानात नमाजेनंतर प्रवचन त्याचं होतं, अध्यक्ष ना तो. चार हजार माणसं. निरोप्या आला, "झुबैदीसाहेब, सगळे थांबलेत."

"दुसऱ्याला करू दे."

"पण तुम्ही कुणासाठी थांबलात?"

"मुलगी येतेय."

सगळ्या मैदानात झालं: ज्या पोरीने आपल्या तोंडाला काळं फासलं, तिच्यासाठी अध्यक्षाने प्रवचन सोडलं. पुढच्या आठवड्यात त्याचं पद गेलं. त्यानेच सोडलं म्हणतात. मला हे सगळं बू हार्तीच्या नवऱ्याकडून कळलं. घरात येऊन तो एवढंच म्हणाला, "आता मला सकाळी वेळ असतो, आई, विहिरीचं पाणी मी भरीन."

बुधवारी तो नऊ बस बघून घरी आला. जेवला नाही. संध्याकाळी चुलीजवळ काहीतरी खुडबुड करत होता. मी माझ्या ईदचा भात शिजवायला झापाच्या पानांच्या पुड्या विणत बसले होते. करपल्याचा वास आला. मी ओरडले, "काय जाळतोस?" म्हणाला, "काही नाही, झोप तू." मग चपलांचा आवाज आला, फाटकाची कडी वाजली. सकाळी नव्हता. मला वाटलं, संघाने बोलावलं असेल.

त्या रात्री सगळं जग जकार्ताहून गावाकडे येत होतं, आणि हा एकटा रिकाम्या बसने जकार्ताकडे. तू त्याच रस्त्याने इकडे. कुठेतरी दोन बसगाड्या एकमेकींच्या बाजूने गेल्या असतील. ड्रायव्हरांनी भोंगे वाजवले असतील.

गुरुवारी सकाळी तू आलीस. "बाबा कुठे?" विचारलंस. मी म्हटलं, "ठाऊक नाही, येईल." तू दारात बसलीस. दुपारपर्यंत नव्या चटईकडे बघितलंही नाहीस. "मी येणार हे ठाऊक असून गेले, आजी." मी काय सांगणार होते? मला खरंच माहीत नव्हतं. आणि तेव्हाच तो तुझ्या कुलूपबंद दारासमोर डबा मांडीवर घेऊन बसला असेल. शर्ट नवा असेल, पण रात्रभराच्या प्रवासाने चुरगळलेला. कुणी विचारलं असेल, "कोण हवंय, काका?" काय सांगितलं असेल त्याने?

शुक्रवारी पहाटे परतला. मी सगळं सांगितलं, तू आलीस, वाट बघून गेलीस. तो पायरीवर बसला आणि हसला. खरंच हसला, वेनिंग, पोट धरून. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. आता कळतं का हसला ते. तेव्हा म्हणाला, "संघाचं काम होतं, आई."

पत्र लिहायला बसवलं. मी त्याला सांगितलं, "लिही, मी बुधवारी दिवसभर थांब्यावर उभा होतो. लिही, तुझ्यासाठी चटई मी आणली." एवढंच मला माहीत होतं तेव्हा, तेवढं तरी लिही म्हटलं. पेन फार वेळ खरखरलं. मला वाटलं, सगळं लिहितोय. तुझ्याकडे आहे ते पत्र. किती ओळी आहेत त्यात? बघ आणि मला कळव. कारण बू हार्ती म्हणते, तुझ्या उत्तरावरून तरी त्याने काही लिहिलेलं दिसत नाही. त्याने एवढा वेळ काय लिहिलं आणि कुठे टाकलं, कुणास ठाऊक.

भिंतीवर ईदच्या शुभेच्छा नव्हत्या, हेही बू हार्तीने आत्ता सांगितलं. काय होतं ते मी विचारलं नाही. तुझं नाव होतं, एवढं पुरे.

आता तो गेला कसा, ते विचारलंस ना. पाच तारखेला सकाळी पाणी भरता भरता छातीवर हात ठेवून बसला. दवाखाना चार घरांवर, पण कुलूप. संघाची गाडी आत, तीही कुलपात. भाजीच्या टेंपोतून नेला. चाळीस किलोमीटर. अर्ध्या वाटेत... बू हार्ती, कुलपाचं नको लिहूस. लिहिलंस? खोड. नाही, राहू दे. तिला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

ऐक पोरी. कुलूप तू लावलं नाहीस. चिठ्ठ्या लिहिणारा माझा मुलगा, फोटो काढणारी माझी नात, खण उघडताना बघून मान खाली घालणारी मी, आणि कुलूप लावून विसरून जाणारे ते चौकशीवाले. वाटे घालायचे तर सगळ्यांच्या पानात पडेल. तू एकटीने सगळं वाढून घेऊ नकोस. तुझी ती सवय मला माहीत आहे, लहानपणीही हावरटच होतीस.

माझं एक अडलंय. आमच्यात सातव्या दिवशी शेजारी जमतात, दुवा मागतात, भात जेवतात. मग चाळिसाव्याला, मग हजाराव्याला. संघाला हे मान्य नाही, आणि याने तर संघाच्या छापील कागदावर सही करून ठेवलीय: "माझ्यामागे सातवा, चाळिसावा, काही करू नये. मेलेल्याच्या नावाने अन्न शिजवू नये." पद गेलं, तरी तो कागद त्याने फाडला नाही. सातव्या दिवशी जुन्या मशिदीचे सगळे दारात आले. म्हणाले, "म्बाह, तुम्हाला कुठे वाचता येतं? तुम्हाला तो कागद लागू नाही." मोह झाला मला. पण सही त्याची होती. आणि आपली सही नाकारायची त्याला सवय नव्हती. मी सगळ्यांना पाणी दिलं आणि परत पाठवलं. चूल पेटवली नाही. आईने मुलाच्या सातव्याला भात शिजवू नये, असं कुठल्या कागदावर असतं गं?

चाळिसावा दिवस सतरा दिवसांवर आहे, बेसार महिन्याची चौदा. त्याही दिवशी मी काही शिजवणार नाही. कागद पाळीन. पण त्या कागदावर असं कुठे लिहिलंय, की म्हातारीने स्वतः काही खाऊ नये? बू हार्तीने दोनदा वाचून बघितलं. कुठेच नाही.

तुला ये म्हणणार नाही. एकदा म्हटलं, त्याचं काय झालं ते बघतेच आहे. फक्त माझा डबा परत कर. आपल्यात भांडं रिकामं परत देत नाहीत, तेवढं तरी आठवत असेल. वरची दोन पुडं रिकामी असली तरी चालतील. खालच्या पुडात टेंपे तळून घाल, तुझ्या हाताने, आणि चौदा तारखेला माझ्यापर्यंत पोचेल असं बघ. कुणी विचारलं तर सांग, आजीला भूक लागते. टपालाने पाठवू नकोस, मऊ पडतं. बसमध्ये रात्रभर मांडीवर धरून आणणारं कुणी असेल, तर त्याच्या हाती दे. आणि वेनिंग, कढईवर लक्ष ठेवू नकोस. चांगलं काळं होऊ दे.